पुनर्विकासाची कागदपत्रे आणि रेडमाइन : कोणी काय पाहावे

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास ठरला की इमारत पाडण्याच्या कितीतरी आधीपासून कागद जमा होऊ लागतात. जुने मंजूर नकाशे, मालमत्ता पत्रक, अभिहस्तांतरणाचे (कन्व्हेयन्सचे) दस्त, व्यवहार्यता अहवाल, विशेष सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, निविदा, तुलनात्मक तक्ते, विकसन करारनाम्याचे एकामागून एक मसुदे, आणि या सगळ्याच्या जोडीला प्रत्येक सदनिकाधारकाची स्वतंत्र फाइल. पूर्वी हे सारे संस्थेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात असे आणि किल्ली सचिवांकडे असे. आता समिती, सभासद, वास्तुविशारद, संरचना अभियंता, वकील आणि पुढे विकसक अशा सर्वांना एकाच संगणकीय प्रणालीवर काम करावे लागते, आणि किल्लीचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड होऊन बसतो.

मी पुण्यात एका प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. या सल्लागाराला संस्थांमध्ये सगळेच पीएमसी म्हणतात. आमच्याकडे प्रत्येक संस्थेचे काम रेडमाइन या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणालीवर चालते आणि ती प्रणाली सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. या कामात माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारी विनंती एकच असते : “एवढी एक फाइल फक्त अमुक दोघांनाच दिसेल असे करून द्या.” या विनंतीला मी जवळजवळ नेहमीच नकार देते. नकार का देते आणि त्याऐवजी काय करते, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण संस्थांच्या समित्यांना आणि आमच्यासारख्या इतर कार्यालयांना त्याचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते.

रेडमाइन ही प्रणाली २००६ मध्ये जाँ-फिलिप लांग यांनी प्रथम प्रसिद्ध केली. रुबी ऑन रेल्स या वेब प्रणाली बांधण्याच्या साधनावर बांधलेली ही प्रणाली विनाशुल्क आहे आणि आपल्याच सर्व्हरवर ठेवता येते, हे आमच्यासारख्या लहान कार्यालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. तिच्यात अधिकार देण्याची पद्धत अशी आहे की आधी ‘भूमिका’ ठरवायच्या, प्रत्येक भूमिकेला काय करता येईल याच्या चौकटींवर खुणा करायच्या, आणि मग एखाद्या व्यक्तीला एखाद्या प्रकल्पात ती भूमिका द्यायची. व्यक्ती तीच असली तरी एका प्रकल्पात तिची भूमिका वेगळी आणि दुसऱ्यात वेगळी असू शकते. दस्तऐवजांच्या बाबतीत पाहणे, नवीन घालणे, बदलणे आणि काढून टाकणे असे स्वतंत्र अधिकार आहेत. मात्र हे अधिकार त्या प्रकल्पातील सर्व दस्तऐवजांना सरसकट लागू होतात. दस्तऐवजांचे वर्ग पाडता येतात, पण ते वर्ग केवळ मांडणीसाठी असतात. ‘गोपनीय’ नावाचा वर्ग तयार करून त्यात फाइल ठेवली म्हणजे ती गोपनीय झाली असे होत नाही. ज्याला त्या प्रकल्पातील दस्तऐवज पाहता येतात त्याला तीही दिसते.

अनेकांना ही रेडमाइनची उणीव वाटते. शेअरपॉइंटमध्ये किंवा गुगल ड्राइव्हवर एकेका फाइलला वेगळे अधिकार देता येतात, मग येथे का नाहीत, असे विचारले जाते. माझे मत याच्या उलट आहे. एकेका फाइलला वेगळी माणसे जोडत गेले की वर्षभराने कोणती फाइल कोणाला दिसते हे कोणालाच सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते. शिवाय नवीन आलेली फाइल आधी सर्वांना दिसते आणि कोणाच्या तरी लक्षात आल्यावर झाकली जाते, आणि या दोन क्षणांच्या मध्ये ती कोणी उतरवून घेतली तर झाकण्याला अर्थ उरत नाही. म्हणून वेगळे ठेवायचे ते कागद ज्या जागी जातात ती जागाच वेगळी असावी आणि तिचे दार आधीपासून बंद असावे. रेडमाइनमध्ये ही जागा म्हणजे उपप्रकल्प, म्हणजे मुख्य प्रकल्पाच्या पोटातला पण स्वतःचे वेगळे सदस्य असलेला प्रकल्प.

पण उपप्रकल्प किती आणि कोणते, हे ठरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि तो प्रश्न संगणकाचा नाही. कोणाला काय पाहण्याचा हक्क आहे? गृहनिर्माण संस्थेत याचे उत्तर समितीच्या मर्जीवर सोडलेले नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ मध्ये सभासदाने पाहावयाच्या पुस्तकांची यादी दिलेली आहे : अधिनियम, नियम व उपविधी, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, नफातोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभांची आणि समितीच्या सभांची इतिवृत्ते, आणि पुस्तकांचा व अभिलेखांचा तेवढा भाग, ज्यात त्या सभासदाचे स्वतःचे संस्थेशी झालेले व्यवहार नोंदलेले आहेत. हा शेवटचा तुकडा मला फार मोलाचा वाटतो. इतिवृत्त सर्वांचे, पण खात्याचे पान ज्याचे त्याचे, ही रेषा कायदा लिहिणाऱ्यांनी संगणक नसताना आखून ठेवली आहे, आणि आम्ही प्रणालीची रचना करताना तीच रेषा गिरवतो.

पुनर्विकासाच्या बाबतीत याच अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली राज्य शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश दिले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून पुन्हा जारी केले. निविदा मागवणे, उपस्थित राहू इच्छिणाऱ्या सभासदांसमोर त्या उघडणे, तुलनात्मक तक्ता तयार करणे, सर्वसाधारण सभेपुढे विकसकाची निवड ठेवणे, या सर्व टप्प्यांमागे एकच हेतू आहे की समितीने बंद दाराआड विकसक निवडू नये. त्यामुळे आमच्या प्रणालीत जे उघडे असायला हवे ते खरोखर उघडे आहे ना, हे मी आधी पाहते. बंद काय ठेवायचे हे त्यानंतर. ज्या संस्थेत व्यवहार्यता अहवालसुद्धा समितीपुरता ठेवला जातो, तेथे संशय वाढतो, आणि संशय वाढला की कोणीतरी त्या अहवालाच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकतोच. तेथून पुढे त्या पानांवर कोणाचेही नियंत्रण राहत नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक संस्थेचा एक मुख्य प्रकल्प असतो आणि तो त्या संस्थेच्या सर्व सभासदांना पाहता येतो. नकाशे, इतिवृत्ते, व्यवहार्यता अहवाल, निविदेचा मसुदा, उघडल्यानंतरचा तुलनात्मक तक्ता, करारनाम्याचा सभेपुढे ठेवलेला मसुदा, बांधकाम सुरू झाल्यावरचे प्रगती अहवाल, हे सर्व येथे असते. सभासदांना येथे पाहण्याचा अधिकार असतो, दस्तऐवज बदलण्याचा नसतो. मुख्य प्रकल्पाच्या खाली तीन उपप्रकल्प असतात : वाटाघाटी व कायदेशीर सल्ला, बांधकामाची बिले व मोजमापे, आणि सभासदांची वैयक्तिक कागदपत्रे. पहिल्यात समिती, वकील आणि आम्ही. दुसऱ्यात आम्ही, वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि विकसकाचे अभियंते. समितीला तेथे पाहण्याचा अधिकार असतो, कारण चाचणी अहवाल आणि स्लॅबच्या तारखा तिला कळल्याच पाहिजेत. या दोन उपप्रकल्पांविषयी फार सांगण्यासारखे नाही. माणसे मोजकी आहेत आणि भूमिका स्पष्ट आहेत.

तिसरा उपप्रकल्प मात्र सर्वांत नाजूक आहे. सदनिकाधारकाकडून आम्ही भाग प्रमाणपत्राची प्रत, खरेदीखत आणि त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), पॅन व आधार कार्डांच्या छायाप्रती, घरभाडे जमा करण्यासाठी रद्द केलेला धनादेश, नामनिर्देशन, आणि सदनिकेवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र घेतो. मूळ सभासद वारला असेल तर वारसांची कागदपत्रे येतात, आणि त्यात कधीकधी भावाभावांतला वादही येतो. एखाद्या घरावर किती कर्ज आहे किंवा कोणत्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला आहे, हे शेजाऱ्याला कळण्याचे काहीही कारण नाही. समितीचे सदस्यही शेजारीच असतात. म्हणून अध्यक्षांनाही इतर सभासदांच्या या फाइली दिसू नयेत, अशी आमची मांडणी आहे, आणि ती पहिल्याच बैठकीत समितीला सांगितलेली बरी. अध्यक्षांना नंतर कळले तर त्यांना तो अविश्वास वाटतो. आधी सांगितले तर बहुतेक जण स्वतःहून मान्य करतात, कारण त्यांच्याही घराची फाइल त्याच जागी असते.

प्रत्यक्ष रचना अशी. या उपप्रकल्पात दस्तऐवजांचा विभाग बंद ठेवायचा, कारण तेथील अधिकार सरसकट असतात. त्याऐवजी इश्यूंचा, म्हणजे एकेका कामाच्या नोंदींचा, विभाग सुरू ठेवायचा आणि प्रत्येक सदनिकेसाठी एक इश्यू उघडायचा. कागद त्या इश्यूला जोडायचे. रेडमाइनमध्ये भूमिकेच्या पानावर इश्यू किती दिसावेत यासाठी तीन पर्याय असतात : सर्व इश्यू, खासगी सोडून इतर सर्व, किंवा केवळ स्वतः नोंदवलेले अथवा स्वतःकडे सोपवलेले. आम्ही ‘सदनिकाधारक’ नावाची वेगळी भूमिका तयार करून तिला तिसरा पर्याय दिलेला आहे. जोडलेल्या फाइलीचे दिसणे ती ज्या इश्यूला जोडली आहे त्यावर अवलंबून असते, त्यामुळे इश्यू दिसला नाही तर फाइलही दिसत नाही.

येथे एक बारकावा आहे, आणि तो समजून न घेता ही रचना केली तर ती पहिल्याच आठवड्यात कोलमडते. इश्यू सभासदाच्या नावे सोपवला, त्याने कागद जोडले, आणि तपासणीसाठी कार्यालयातील कोणी तो इश्यू स्वतःकडे घेतला, तर त्याच क्षणी तो सभासदाला दिसेनासा होतो, कारण इश्यू त्याने नोंदवलेला नाही आणि आता त्याच्याकडे सोपवलेलाही नाही. सभासद घाबरून फोन करतो की माझे कागद नाहीसे झाले. यावर उपाय असा की सोपवणूक कायम सदनिकेकडेच ठेवायची आणि काम आता कोणाकडे आहे हे इश्यूच्या स्थितीवरून दाखवायचे : ‘कागद अपेक्षित’, ‘तपासणीत’, ‘त्रुटी’, ‘पूर्ण’. आमच्या कार्यालयाच्या भूमिकेला सर्व इश्यू दिसत असल्यामुळे तपासणीसाठी तो आमच्या नावे असण्याची गरजच नसते.

सोपवणूक सदनिकेकडे म्हणजे काय, हेही सांगते. बहुतेक सदनिका संयुक्त नावावर असतात. शिवाय आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या संस्थांमध्ये मुलगा न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला आहे आणि त्याने आईच्या किंवा काकांच्या नावे कुलमुखत्यारपत्र दिले आहे, हे नेहमीचे चित्र आहे. अशा वेळी एका व्यक्तीकडे इश्यू सोपवून भागत नाही. रेडमाइनमध्ये वापरकर्त्यांचे गट करता येतात, आणि इश्यू गटाकडे सोपवण्याची परवानगी देणारी एक चौकट इश्यूंच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये असते. ती सुरू करून प्रत्येक सदनिकेचा एक गट करायचा, त्यात पती, पत्नी, परदेशातील मुलगा आणि कुलमुखत्यार यांची स्वतंत्र खाती घालायची, त्या गटाला उपप्रकल्पात ‘सदनिकाधारक’ ही भूमिका द्यायची, आणि इश्यू गटाकडे सोपवायचा. भूमिकेच्या पानावर ‘या भूमिकेकडे इश्यू सोपवता येतात’ अशा अर्थाची चौकट आहे, तिच्यावर खूण नसेल तर गटाचे नाव यादीत येतच नाही. अनेक जण येथे अडतात. कुलमुखत्यारपत्र रद्द झाले तर त्या व्यक्तीला गटातून काढले की पुरते. कोणत्याही फाइलीला हात लावावा लागत नाही.

दुसरा बारकावा भूमिकांच्या बेरजेचा आहे. रेडमाइनमध्ये एका व्यक्तीला एकाच प्रकल्पात दोन भूमिका असतील तर दोन्हींचे अधिकार मिळून तिला मिळतात. एक भूमिका दुसरीचा अधिकार कापू शकत नाही. ‘नाकारणे’ असा अधिकारच तेथे नाही. मुख्य प्रकल्पातील समिती सदस्य जर ‘समिती’ या भूमिकेसह तिसऱ्या उपप्रकल्पात आला, तर त्याला सर्वांच्या फाइली दिसतील, मग त्याला ‘सदनिकाधारक’ भूमिका दिलेली असो वा नसो. आणि तो तेथे नकळत येण्याचा मार्ग म्हणजे उपप्रकल्पाच्या सेटिंगमधील ‘मूळ प्रकल्पाचे सदस्य वारशाने घ्या’ ही चौकट. वैयक्तिक कागदांच्या उपप्रकल्पात ही चौकट कधीही सुरू असता कामा नये, आणि समिती सदस्य तेथे केवळ आपापल्या सदनिकेच्या गटातूनच यावा.

समितीला अर्थातच किती जणांचे कागद पूर्ण झाले हे हवे असते, आणि ही मागणी रास्त आहे, कारण त्यावर पुढच्या तारखा ठरतात. त्यासाठी आम्ही मुख्य प्रकल्पात केवळ आकडे देतो : इतक्या सदनिका पूर्ण, इतक्या त्रुटीत, इतक्या अजून यायच्या. सदनिका क्रमांकांसह यादी लावण्याचा आग्रह होतो, विशेषतः काम रेंगाळू लागले की. तरीही तशी यादी लावू नये असे माझे ठाम मत आहे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा ज्यांचे वारसाहक्काचे प्रकरण न्यायालयात आहे, त्यांचे नाव सर्वांसमोर ‘अपूर्ण’ म्हणून टांगण्याने कागद लवकर येत नाहीत, मने मात्र दुखावतात. त्यांच्याशी आमच्या माणसाने स्वतः जाऊन बोलावे.

आता निविदांविषयी. मुदत संपण्याआधी आलेल्या आर्थिक निविदा प्रणालीवर ‘बंद’ उपप्रकल्पात ठेवाव्यात, अशी सूचना मला वरचेवर केली जाते. मी ती कधीही मान्य केलेली नाही. रेडमाइनमध्ये प्रशासक म्हणून नेमलेल्या खात्याला भूमिकांचे कोणतेही बंधन नसते. त्याला सर्व प्रकल्प आणि सर्व फाइली दिसतात. शिवाय जोडलेल्या फाइली सर्व्हरच्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये महिन्यावार साध्या फाइली म्हणून साठवल्या जातात, म्हणजे ज्याला सर्व्हरवर किंवा त्याच्या रात्री घेतल्या जाणाऱ्या राखीव प्रतीवर (बॅकअपवर) प्रवेश आहे तो प्रणालीत न शिरताही त्या वाचू शकतो. ज्या लिफाफ्याची लाख सर्वांसमोर फुटली पाहिजे, तो लिफाफा आमच्या कार्यालयातील एखादी व्यक्ती एकांतात वाचू शकेल अशा जागी ठेवणे योग्य नाही, ती व्यक्ती कितीही सचोटीची असो. निविदा लाखबंद कागदी लिफाफ्यातच याव्यात, सभेत उघडाव्यात, आणि उघडल्यानंतर त्यांच्या प्रती व तुलनात्मक तक्ता मुख्य प्रकल्पात सर्वांसाठी ठेवावा.

प्रशासकाच्या या अमर्याद अधिकारामुळेच प्रशासकाची खाती कमीत कमी असावीत, आणि रोजच्या कामासाठी त्या व्यक्तीने वेगळे, साध्या भूमिकेचे खाते वापरावे. संगणक सुरक्षेवर १९७५ मध्ये जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी जी तत्त्वे मांडली, त्यांतील दोन येथे तंतोतंत लागू पडतात : प्रत्येकाला कामापुरताच अधिकार असावा, आणि परवानगी स्पष्टपणे दिलेली नसेल तर प्रवेश नाही असेच गृहीत धरावे. दुसऱ्या तत्त्वाच्या बाबतीत रेडमाइन आयते मिळते तसे वापरू नये. नवीन प्रकल्प ‘सार्वजनिक’ म्हणून तयार होण्याची सेटिंग तेथे मुळात सुरू असते, आणि सार्वजनिक प्रकल्प हा सदस्य नसलेल्या वापरकर्त्यालाही दिसू शकतो. म्हणजे एका संस्थेचा सभासद आमच्याच सर्व्हरवरील दुसऱ्या संस्थेचा प्रकल्प पाहू शकेल. ही सेटिंग बंद करावी, लॉगिन सक्तीचे करावे, स्वतःहून नोंदणी करण्याची सोय बंद करावी, आणि ‘सदस्य नसलेला’ व ‘अनामिक’ या दोन कायमच्या भूमिकांवरील खुणा काढून टाकाव्यात. या दोन भूमिका पुसता येत नाहीत, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

फाइल आडवाटेने बाहेर पडण्याच्या काही जागा आहेत. विकीच्या, म्हणजे सदस्यांनी मिळून लिहायच्या मजकुराच्या, पानाला ‘संरक्षित’ केले की ते लपले असा समज आहे. प्रत्यक्षात त्याने केवळ बदल करणे थांबते, वाचणे नाही. इश्यूवरील खासगी टिपणी ही मजकूर झाकण्याची सोय आहे. तिच्यासोबत टाकलेली फाइल इश्यूच्या जोडपत्रांत जाऊन बसते, म्हणून गोपनीय फाइल तेथे जोडू नये. ईमेलने जाणाऱ्या सूचनेत इश्यूचा मजकूर जसाच्या तसा जातो आणि नंतर अधिकार काढून घेतले तरी पोहोचलेला ईमेल परत येत नाही, म्हणून पॅन क्रमांक किंवा खाते क्रमांक वर्णनात कधीही टंकू नये; तो जोडलेल्या छायाप्रतीत आहे तेवढा पुरे. आणि पानाच्या तळाशी असणाऱ्या अॅटम फीडच्या (नवीन नोंदी आपोआप कळवणाऱ्या सोयीच्या) दुव्यात वापरकर्त्याची स्वतःची किल्ली असते. तो दुवा दुसऱ्याला पाठवला तर त्याला लॉगिन न करताही त्या वापरकर्त्याच्या डोळ्यांनी पाहता येते. यासाठीच वैयक्तिक कागदांच्या उपप्रकल्पात मी इश्यूंखेरीज विकी, फोरम, बातम्या, फाइल्स असे सर्व विभाग बंद ठेवते. जेथे फाइल टाकण्याची जागा एकच असते, तेथे ती चुकीच्या जागी पडत नाही.

रचना झाल्यावर ती तपासून पाहण्याला पर्याय नाही. अधिकारांचा एकत्रित तक्ता रेडमाइन दाखवते आणि तो वाचावाच, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. मी प्रत्येक भूमिकेचे एक चाचणी खाते ठेवते. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्या खात्याने शिरते आणि सभासदाच्या नजरेने सगळीकडे फिरते. शोधाच्या चौकटीत पॅन, कर्ज, वारस असे शब्द घालून काय निष्पन्न होते ते पाहते. मग दुसऱ्या सदनिकेच्या फाइलीचा थेट दुवा पत्त्याच्या पट्टीत चिकटवते. जोडपत्रांना ओळीने क्रमांक पडत असल्यामुळे क्रमांक बदलून दुसऱ्याची फाइल उघडेल का, अशी शंका सभासद विचारतात, आणि ती योग्यच आहे. रेडमाइन प्रत्येक वेळी अधिकार तपासते आणि परवानगी नसल्याचे पान दाखवते. एका संस्थेच्या सभेत हे पडद्यावर करून दाखवले तेव्हा मागच्या रांगेतील एका आजोबांनी उठून स्वतःच्या हाताने क्रमांक बदलून पाहिला, आणि त्यानंतर त्या संस्थेत कागद देण्याविषयी कुरकूर झाली नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र सेटिंगमध्ये नसून एकच खाते अनेकांनी वापरण्यात आहे. समितीसाठी एक खाते काढून त्याचा पासवर्ड गटावर टाकण्याची पद्धत जेथे आहे, तेथे वर लिहिलेले सर्व व्यर्थ जाते. ज्येष्ठ सभासदांना संगणक जमत नाही ही अडचण खरी आहे, आणि तिचे उत्तर म्हणून आम्ही ठरलेल्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन बसतो. सभासद कागद घेऊन येतो, त्याच्यासमोर स्कॅन होतो, त्याच्या फाइलीला जोडला जातो, आणि मूळ कागद त्याच मिनिटाला त्याच्या हातात परत जातो. लॅपटॉपवर उरलेली स्कॅनची प्रत तेथेच पुसली जाते. या कामाला वेळ लागतो, पण कागद कोणाच्या मोबाइलमधून फिरून येण्यापेक्षा हे शतपटीने चांगले.

माणसे बदलतात तेव्हा काय करायचे, हे करारातच लिहिलेले असावे. वास्तुविशारदाच्या कार्यालयातील अभियंता नोकरी सोडून गेला तर त्याचे खाते पुसायचे नाही, कुलूपबंद करायचे. त्यामुळे तो शिरू शकत नाही आणि त्याने केलेल्या नोंदी त्याच्या नावाने शिल्लक राहतात. समितीची निवडणूक झाली की जुन्या सदस्यांना ‘समिती’ गटातून काढून नव्यांना घालायचे, आणि हे नव्या समितीच्या पहिल्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवायचे.

शेवटचा टप्पा ताबा मिळाल्यानंतरचा. रेडमाइनमध्ये प्रकल्प ‘बंद’ केला तर तो वाचता येतो पण बदलता येत नाही. ‘संग्रहित’ केला तर प्रशासकाखेरीज कोणालाच दिसत नाही. मुख्य प्रकल्प आणि बिलांचा उपप्रकल्प आम्ही सर्व नोंदी लावून झाल्यावर बंद करतो, कारण इमारतीत उद्या गळती झाली तर मोजमापे आणि चाचणी अहवाल संस्थेला लागणार. वैयक्तिक कागदांचे तसे नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे बंधनकारक नसेल तर ती पुसावी, असे तत्त्व आहे, आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड बाजूला ठेवला तरी आमच्या सर्व्हरवर कोणाच्या आधार कार्डाची प्रत वर्षानुवर्षे पडून राहण्याचे समर्थन मला करता येत नाही. म्हणून कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारांची नोंदणी, ताबा आणि घरभाड्याचा हिशेब पूर्ण झाला की प्रत्येक गटाला सूचना जाते, सभासद आपल्या प्रती उतरवून घेतात, आणि ठरलेल्या मुदतीनंतर तो उपप्रकल्प संग्रहित न करता पुसून टाकला जातो. रात्रीच्या प्रतींमधूनही तो जाईपर्यंत, म्हणजे सर्वांत जुनी प्रत चक्रातून बाहेर पडेपर्यंत, ते काम माझ्या यादीत उघडे राहते. त्यानंतर तसे पत्र संस्थेच्या सचिवांना दिले जाते आणि त्याची पोच मुख्य प्रकल्पातील दस्तऐवजांत लावली जाते.